पोथीचं शेवटचं पान

मार्गशीर्ष लागला की मुलुंड स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर एकाच चादरीवर पाच पानांच्या डहाळ्या, शेवंतीच्या वेण्या, लहान नारळ आणि गुरुवारच्या पोथ्या मांडलेल्या दिसतात. आमच्या घरात हे व्रत कधी नव्हतं. आम्ही बौद्ध, आईवडील साताऱ्याकडचे. सासरीही नाही. तरी मी दरवर्षी त्या चादरीपाशी थांबते, एक पोथी उचलते आणि सरळ शेवटचं पान उघडते. विकणारीला वाटत असावं, आज्जीबाई पानं पुरी आहेत का बघतायत. मी बघत असते फलश्रुतीच्या खालचा चार ओळींचा मजकूर. तो असला की मी पोथी घाईनं मिटते. नसला तर, खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटतं.

यंदा तो होता. कागद गुळगुळीत, चौकट लाल, आणि आत हे:

‘गेलेला माणूस एकटा जातो. आपली जागा तो घरातच ठेवून जातो. जोवर ती जागा कोणी मोडत नाही, तोवर तो पुरता गेला असे म्हणू नये. अशा जागी पाट मांडावा, ताट वाढावे, दुसऱ्या कोणी तेथे बसू नये.’

यातली पहिली तीन वाक्यं माझी आहेत. मी ती एकोणिसाव्या वर्षी भांडुपला लिहिली. चौथं कोणाचं ते मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मला खरी भीती वाटत आलीय ती याची, की ते चौथं वाक्य वाचताना परकं वाटत नाही. पुढे लिहीत गेले असते तर मी हेच लिहिलं असतं.

भांडुपच्या टेकडीवर डिसेंबरात संध्याकाळ लवकर व्हायची. सूर्य आमच्या पाठीमागे डोंगराआड जायचा, त्यामुळे साडेपाचलाच चाळीवर सावली पडायची आणि खाली, रुळांपलीकडे मिठागरांवर मात्र उन्हाचा एक पट्टा उरलेला दिसायचा. मग तोही जायचा. खाडीकडून धुकं निघायचं, रूळ ओलांडायचं आणि शेगड्यांच्या धुरात मिसळून आमच्या ओट्यांपर्यंत वर यायचं. थंडी म्हणावी इतकी नसायची, पण पायाखालचा कोबा गार पडायचा. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. गिरण्या बंद होत्या, आणि चाळीतली माणसं एकेक करून कमी होत होती. कोणी गावी गेलं, कोणी आखातात, कोणी नुसतंच गेलं. रोज येणारा-जाणारा एखादा माणूस बरेच दिवस दिसला नाही की कोणी विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं, हे सगळ्यांना कळलं होतं.

माझी आई त्याच्याही आधी गेली होती, मी सोळा वर्षांची असताना. ती दाराच्या आत, उजव्या हाताला भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसायची. ती गेल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, महिन्याभरात त्या जागी धान्याचं पिंप आणून ठेवलं. आबा रंगाच्या कारखान्यात कामाला होते. दर रविवारी विहारात जायचे, तिथलं ऐकलेलं घरी येऊन मला सांगायचे, आणि ते त्यांच्या वागण्यात होतं. मी रडले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जे आलंय ते जाणार, शैला. धरून ठेवलंस तर हात तुझाच दुखेल." आबांचं म्हणणं खरं असणार हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला ते पिंप सहन होत नव्हतं. मी दोनशे पानी वहीत त्यांच्याशी भांडत राहिले. त्या वहीत जागा म्हणजे काय, जाणं म्हणजे काय, उरणं म्हणजे काय यावर पानंच्या पानं आहेत. शहाणपण नुसतं उतू जात होतं. ती तीन वाक्यं त्या वहीतली. ती आबांना द्यायची उत्तरं होती, आणि आबांना ती मी कधी वाचून दाखवली नाहीत.

बारावीनंतर मी स्टेशनाजवळच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि नोव्हेंबरपासून गुरुवारच्या पोथ्या. मालकांना सगळे नाना म्हणत. त्या वर्षी पोथीचं शेवटचं पान अर्धं मोकळं राहिलं, कारण तिथे जाणाऱ्या आरतीचा बारीक टाइप झिजून गेला होता.

"पान बोडकं दिसतंय," नाना म्हणाले. "काय तरी चांगलं टाक ना चार ओळी. सुविचार वगैरे."

मला वाटतं मी अर्धा तास घेतला असेल. पोथीच्याच टाइपात, फलश्रुतीच्या खाली, मध्ये रेघसुद्धा न घालता. खिळे उलटे असतात, जुळवलेली ओळ आरशात पाहिल्यासारखी वाचावी लागते. माझंच वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा शिशात, उलटं पाहिलं, आणि ते मला माझ्याहून मोठ्या कोणीतरी लिहिलेलं वाटलं. नानांनी प्रूफ वाचलं.

"हे कुठनं घेतलंस गं?"

"एका जुन्या पोथीत होतं."

"झकास आहे. ठेव."

एवढंच झालं. लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. माझं आहे म्हणाले असते तर ते हसून म्हणाले असते, काढ. आणि मग हा लेख लिहायची वेळच आली नसती.

आमच्यापासून दोन खोल्या सोडून सुमनकाकी राहायची. ती मालवणकडची, तिशीतली, सडपातळ आणि फटकळ. रघुकाका, तिचा नवरा, गिरणीत होता. संप लांबल्यावर तो दिवसभर भिंतीला टेकून पाटावर बसून असायचा. श्रावणातल्या एका सकाळी "वायच नाहूरापर्यंत जावन येतंय" म्हणून उठला, आणि आला नाही. पिशवी घेतली नव्हती, अंगात घरातलाच सदरा होता. चौकी झाली, इस्पितळं झाली, गावी तारा झाल्या. तीन महिन्यांनी लोकांनी विचारणं सोडलं. काकीनं कुंकू आणि मंगळसूत्र सोडलं नाही, त्यामुळे हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही यावर बायकांची कुजबुज चालायची. काकी शिकलेली नव्हती. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तिनं कलश मांडला आणि मला हाक मारली.

"शैला, वायच पोथी वाच गो. तुझो आवाज स्वच्छ आसा."

दारात दोघी उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "हिच्याकडून वाचून घेणार?" काकीनं वळूनही पाहिलं नाही. "तिका वाचूक येता, माका येना नाय. देवीक अडचण असली तर देवी सांगतली." त्या दोघी गेल्या. मी पोथी उघडली. आमच्याच छापखान्यातली होती. कहाणी वाचली, फलश्रुती वाचली. मला तिथेच थांबता आलं असतं. पण काकीचे डोळे पानावर होते, खाली अजून अक्षरं आहेत हे तिला दिसत होतं. मी ती तीन वाक्यं वाचली. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

काकीनं त्या ओळींवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "परत वाच ता."

मी परत वाचलं. ती उठली. भिंतीला उभा करून ठेवलेला रघुकाकाचा पाट तिनं पुसला आणि जिथे तो बसायचा तिथे मांडला. पुढल्या गुरुवारी त्यापुढे ताट होतं. देवीचा नैवेद्य कांदालसणाशिवायचा असतो, रघुकाकाला काळ्या वाटाण्याची झणझणीत उसळ लागायची, म्हणून त्याचं ती वेगळं रांधायची. दोन वडे, उसळ, भात. काकी उपास सोडायची तो देवीच्या ताटावर. ते दुसरं ताट सकाळी पत्र्यावर कावळ्यांसाठी ठेवायची.

शेवटच्या गुरुवारी बायका सात जणींना फळ आणि पोथी देतात. काकीनंही दिल्या. त्या सात जणींनी पुढल्या वर्षी प्रत्येकी सात दिल्या. गणित करायची गरज नाही. दुसऱ्या वर्षीच्या एका गुरुवारी मी छापखान्यातून टेकडी चढून येत होते. तिन्हीसांजा झाल्या होत्या, धुकं ओट्यापर्यंत आलेलं. सगळी दारं उघडी, कारण देवी आत यायची असते. पहिल्या दारातून ऐकू आलं, ‘गेलेला माणूस एकटा जातो.’ चार पावलं पुढे दुसऱ्या दारातून पुन्हा, ‘गेलेला माणूस.’ तिसऱ्या दारात कोणी म्हातारी अक्षर लावत वाचत होती, ती ‘जागा’पाशी अडकली होती. आणि दारादारातून आत पाट दिसत होते. दुबईहून दोन वर्षं पत्र नसलेल्या मुलाचा. खारदांड्याला दुसऱ्या बाईबरोबर राहणाऱ्या नवऱ्याचा. एक अगदी छोटा, रंगीत पाट होता, तो कोणाचा ते चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याच्यापुढे वाटीत दूधभात होता. त्या संध्याकाळी चाळीत जेवायला बसलेल्यांपेक्षा न बसलेलेच जास्त आहेत असं मला वाटलं. आमच्या दाराशी पोचेपर्यंत मी ते वाक्य सहा वेळा ऐकलं.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगायला हवं. अभिमान वाटला. माझं वाक्य, माझ्या वहीतलं. आणि लगेच, वाटी सांडावी तशी भीती. मी लिहिलं होतं ते पाटाबद्दल नव्हतं, ताटाबद्दल तर नव्हतंच. ते आईबद्दल होतं. पण ते आता माझं उरलं नव्हतं, आणि ते माझं आहे असं कोणाला सांगण्याची सोयही उरली नव्हती. देवीच्या पोथीत आमच्यातल्या मुलीनं लिहिलेल्या ओळी! टेकडीवर काय झालं असतं याची मी कल्पना करत राही. त्याहून जास्त मला त्या छोट्या रंगीत पाटाच्या आईची कल्पना करवत नव्हती.

त्याच वर्षी आबांच्या हाती ती पोथी पडली. कोणीतरी मला दिली होती, मी ती फळीवर टाकली होती. आबांनी चाळली, शेवटचं पान वाचलं, चष्मा काढला. "हे तुझ्यासारखं बोलतंय," म्हणाले. मी चहा गाळत राहिले. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर धान्याचं पिंप मोरीपाशी हलवलेलं होतं आणि दाराजवळची जागा मोकळी होती. आबा त्यावर कधी बोलले नाहीत. मीही नाही. पण त्यानंतर आम्ही दोघंही त्या कोपऱ्यावरून जरा लांबून जायला लागलो. जे मला हवं होतं ते झालं होतं, आणि मला घरात शिरताना डाव्या भिंतीला घासून चालावं लागत होतं.

मी ओळी काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पोथीचा जुळवलेला मजकूर आम्ही सुतळीनं बांधून कपाटात ठेवत असू, म्हणजे पुढल्या वर्षी पुन्हा जुळवायला नको. मी नानांना म्हटलं, त्या शेवटच्या ओळी या खेपेला नको.

"वाट लावशील तू माझी," नाना म्हणाले. "बायका आता शेवटचं पान बघून पोथी उचलतात. नसल्या ओळी तर म्हणतात ही अपुरी आहे."

मग एकदा मी घाटकोपरला मावशीकडे गेले असताना तिथल्या बाजारात दुसऱ्याच छापखान्याची पोथी दिसली. टाइप वेगळा, कागद हलका. शेवटच्या पानावर माझी तीन वाक्यं, आणि त्यांच्यापुढे ते चौथं. आधी बायकांनी पाट मांडले होते, आता पोथी त्यांच्याकडून शिकली होती. मी ती पोथी परत ठेवली आणि हात पदराला पुसले.

पाटाची एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. तिसरं वर्ष असावं. मी वाचून संपवलं, काकी पाणी भरायला नळावर गेली. खोलीत मी, कलश, समई आणि ते ताट. कोबा इतका गार होता की पाय पोटाशी घेऊन बसले होते. पाट हाताच्या अंतरावर होता. का कोण जाणे, मी हात पुढे केला आणि तळवा त्यावर टेकवला. पाट गरम होता. कोणी नुकतंच उठून गेल्यावर असतो तेवढा. शेगडी त्याच भिंतीला होती, तिची धग लागली असणार. मी तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं आणि आजही हेच सांगते. पण शेगडी त्या भिंतीच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि काकी परत येईपर्यंत मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले होते.

त्याच्या पुढच्या वर्षी काकीचा भाऊ गावाहून आला. वसंता त्याचं नाव, शांत माणूस, हातात टोपी घेऊन बसायचा. त्यानं गावाकडे काजूच्या कारखान्यात तिच्यासाठी काम बघितलं होतं, राहायला त्याचंच घर होतं. काकी तोवर लोकांची धुणीभांडी करत होती आणि तिला खोकला लागला होता. गुरुवार होता. मी पोथी घेऊन गेले तेव्हा त्यांचं बोलणं चाललं होतं.

"चल आता," तो म्हणाला. "चार वर्सां झाली. हय कोणाक बघीत बसलंस?"

"मी गेलंय तर जागा मोडतली," काकी म्हणाली. "पोथीत लिवलेला आसा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, विनंती होती. "तू शिकलेली हस. तू सांग हिका. खराच तसा लिवलेला आसा?"

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी गप्प बसले आहे. तिथे मी गप्प बसले नाही, हे त्याहून वाईट. मी म्हणाले, "हो. लिहिलंय."

खोटं नव्हतं ते. लिहिलेलं होतंच. पण त्या माणसानं मला काय विचारलं हे मला कळलं होतं, आणि मी त्याला भलतंच उत्तर दिलं. का दिलं? भीती होती, नोकरीची आणि चाळीची. दुसरं कारण सांगायला जड जातं. माझं कुठलंही म्हणणं तोवर कोणी इतकं खरं मानलं नव्हतं. आणि तिसरं कारण दाराजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात होतं. काकीनं पाट उचलला असता तर मला आमच्या घरी जाऊन तो कोपरा पुन्हा पाहावा लागला असता. वसंता दुसऱ्या दिवशी एकटाच गेला.

अशी सात वर्षं झाली. काकीचे केस कानांपाशी पांढरे झाले. मी दर मार्गशीर्षात चार-पाच गुरुवार तिच्यासमोर बसून माझीच वाक्यं तिला देवीची म्हणून वाचून दाखवत होते. दर वेळी तिचा चेहरा त्या तीन ओळींना थोडा सैल व्हायचा, आणि मला वाटायचं, असू दे, हिला आधारच आहे. मग ती उसळ वाढायला उठायची आणि कंबरेला हात लावून उठायची. आधाराला टेकलेलं माणूस असं उठत नाही.

सातव्या वर्षी माझं लग्न ठरलं, मुलुंडला. त्या मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी काकी म्हणाली, "आता पुढल्या वर्सा कोण वाचतला? बघ, कोणतरी चांगल्या आवाजाचा चेडू बघून दी माका."

माझ्या जागी आणखी एक मुलगी बसेल, तिच्यानंतर आणखी एक, आणि काकी ऐकत राहील. मी पोथी मिटली.

"काकी, त्या शेवटच्या ओळी देवीच्या नाहीत. मी लिहिल्यात. छापखान्यात पान मोकळं राहिलं होतं म्हणून घातल्या. माझ्या आईवर लिहिल्या होत्या."

काकी समईची वात सारखी करत होती. ती करून झाली. बोटाचं तेल तिनं केसांना पुसलं.

"म्हणजे देवीन नाय सांगल्यान."

"नाही."

"आणि तू दर बेस्तरवारी हय बसान वाची होतंस. आणि वसंता इल्लो तेव्हाव."

"हो."

मला वाटलं ती हाकलून देईल. द्यायला हवं होतं. ती पाटाकडे बघत राहिली. बाहेर, दोन दारं सोडून, कोणीतरी त्याच ओळींपर्यंत पोचलं होतं. आम्ही दोघींनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या.

"तुझा लिवलेला म्हणान ता खोटा काय?" तिनं विचारलं.

मी मिटलेली पोथी पुन्हा उघडली. त्या प्रश्नाचं उत्तर मी आज साठी उलटल्यावरही शोधते आहे.

"मी तेका उठवक गेलंय तर माझ्यान उठना नाय," काकी म्हणाली. "लिवलेला आसा ना. तू बसवलंस, आता तूच उठव. तशीच अक्षरां होयी. तसोच कागद."

मी तीन दिवस लिहीत होते. वही काढली, ती सगळी जुनी पानं वाचली. त्या मुलीचा मला रागही आला आणि दयाही. काय काय ठाऊक होतं तिला. चार ओळी जमायला तीन दिवस लागले. नाना जेवायला घरी गेले की मी त्याच टाइपात जुळवलं, आणि या खेपेला लपवाछपवी नको म्हणून खाली माझं नाव घातलं. हातानं एकच प्रूफ काढलं. बुधवारी काकीकडे घेऊन गेले. तिनं कागद समईजवळ धरला. वाचता येत नव्हतं, पण सात वर्षं पोथीचं पान पाहून तिचा डोळा तयार झाला होता. तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्या काय?"

"माझं नाव."

"ता काढ. नाव असला तर ता तुझा म्हणणा झाला. शेजारचा चेडू सांगता म्हणान मी तेका उठवचंय नाय. माका पोथी होयी."

मी परत गेले. माझ्या नावाचे खिळे चिमट्यानं एकेक उपसून टाइपच्या केसमध्ये, ज्याच्या त्याच्या खणात टाकले आणि दुसरं प्रूफ काढलं. आधीचं फाडलं. दुसरं तेवढं एकच राहिलं, आणि फेब्रुवारीत वसंता येऊन तिला घेऊन गेला तेव्हा ते ती बरोबर घेऊन गेली. त्या चार ओळी मला आज आठवत नाहीत. पुष्कळदा बसून पाहिलं. पहिली तीन वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणेन, दर मार्गशीर्षात ती नव्या कागदावर छापून येतात. ज्यांनी माणूस सुटतो त्या ओळी मीच लिहिल्या, मीच जुळवल्या, आणि त्यांतला एक शब्दही माझ्यापाशी उरलेला नाही. मुलुंडच्या बाजारात कोणी बाई शेवटचं पान वाचून पोथी छातीशी धरते तेव्हा मी तिच्याजवळ जाते. जवळ जाऊन सांगायला माझ्याकडे काही नसतं.

तो शेवटचा गुरुवार मात्र लख्ख आठवतो. काकीनं नेहमीसारखं सगळं केलं. कलश मांडला, देवीचं ताट केलं, पाट मांडला, त्यापुढे वडे, भात, उसळ. मी कहाणी वाचली, फलश्रुती वाचली, आणि जुन्या ओळींच्या जागी तो कागद धरून नव्या वाचल्या. काकीनं डोळे मिटले होते.

"परत."

मी परत वाचल्या. मग तिसऱ्यांदा, तिनं न सांगता. दारातून धुकं आत येत होतं, समई जरा हलली आणि स्थिर झाली. काकीनं डोळे उघडले. ती पाटाला काही बोलली नाही, नमस्कारही केला नाही. हात लांब करून तिनं त्याच्यापुढचं ताट सरळ आपल्यासमोर ओढलं. ओढताना ताट कोब्यावर खरवडलं. मग तिनं उसळीत वडा बुडवला आणि तोंडात घातला. अशा ताटात वाढायचं ते रांधताना चाखायचं नसतं, आणि ते ताट सात वर्षं कावळ्यांनीच खाल्लं होतं.

ती सावकाश चावत राहिली. थांबली. पुन्हा एक घास घेतला, पारखून बघावा तसा.

"अळणी आसा," ती म्हणाली. "सात वर्सां अळणीच वाढी होतंय काय गो मी तेका?"

मी उठून मिठाची बरणी आणून दिली.